व्हाइस ॲडमिरल आवटी : गणवेश उतरल्यानंतरची ३५ वर्षं



गोदावरी नाशिकजवळच्या आपल्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेची वाट धरते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालून राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांना वीरचक्र मिळालं ते याच उपसागरातल्या कामगिरीसाठी. त्या वेळी ते कॅप्टन होते आणि साल होतं १९७१.

आवटींचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ चा, सुरतेचा. निधन नोव्हेंबर २०१८ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, विंचुर्णी या गावी. एक्क्याण्णव वर्षांच्या या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात. १९४५ ते १९८३ ही ३८ वर्षं नौदलात गेली. त्यानंतरची ३५ वर्षं निवृत्तीची. पहिल्या भागात हुकूम देण्याचा अधिकार होता, जहाजं होती, हाताखाली हजारो माणसं होती. दुसऱ्या भागात यांतलं काहीही नव्हतं. तरीही आज भारताच्या समुद्रजीवनात आवटींची जी खूण सर्वांत ठळक दिसते, ती दुसऱ्या भागातली आहे. हे कसं घडलं आणि नाशिकसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या गावाने त्यातून काय घ्यावं, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

मुंबईत माझगावच्या धक्क्यासमोर ‘डफरीन’ नावाचं प्रशिक्षण जहाज नांगरलेलं असे. भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी होता यावं म्हणून ते १९२७ मध्ये सुरू झालं, म्हणजे आवटींच्या जन्मसालीच. त्याआधी साहेबाच्या जहाजांवर कोकणातला माणूस खलाशी म्हणून, फार तर सारंग म्हणून चढत होता. जहाजाच्या ब्रिजवर उभं राहून ते हाकण्याचं शिक्षण त्याला मिळत नव्हतं. डफरीनने तो दरवाजा उघडला. आवटी तिथे शिकले आणि १९४५ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत कॅडेट म्हणून दाखल झाले. पुढचं प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झालं. ते निघाले तेव्हा नौदल ब्रिटिश राजाचं होतं. १९५० मध्ये प्रजासत्ताक झालं, नावातला ‘रॉयल’ गळाला आणि ही तरुण मंडळी एका नव्या देशाच्या नौदलाचे अधिकारी झाली.

ते नौदल लहान होतं आणि जहाजं बहुतेक ब्रिटिशांनी वापरून झालेली. अशा काळात अधिकाऱ्याला सगळंच थोडं थोडं करावं लागतं. आवटींनी संदेशवहनात विशेष प्रशिक्षण घेतलं. पुढे ‘बेतवा’, ‘तीर’ अशा जहाजांची कमान सांभाळली आणि १९७१ च्या हिवाळ्यात ते ‘कामोर्ता’वर होते.

कामोर्ता हे निकोबार समूहातल्या एका बेटाचं नाव. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या मालिकेतल्या सगळ्याच जहाजांना बेटांची नावं दिली होती : अर्नाळा, अंजदीव, कवरत्ती, किल्तान, कछाल. वसईजवळच्या आपल्या अर्नाळ्याच्या नावाने ही मालिका ओळखली जाते. ही जहाजं सुमारे हजार टनांची. आजच्या विनाशिका सहा-सात हजार टनांच्या असतात, त्यांच्याशेजारी ती चिमुकली वाटतील. त्यांचं मुख्य काम पाणबुडी शोधणं.

हे काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. जहाजाच्या तळाशी असलेलं सोनार पाण्यात आवाजाची लहर सोडतं. ती कशावर आदळली तर परत येते. कानाला यंत्र लावून बसलेला नौसैनिक त्या परतीच्या आवाजावरून अंदाज बांधतो : हा माशांचा थवा, हे बुडालेलं गलबत, की ही पाणबुडी? थंड, खोल समुद्रात हे त्या मानाने सोपं. आपल्या समुद्रात वरचं पाणी तापलेलं आणि खालचं गार असतं. या दोन थरांच्या सीमेवर आवाजाची लहर वळते, वाकते, आणि पाणबुडी त्या थराखाली दडून राहू शकते. त्यामुळे ऐकणाऱ्याला चार-चार तास डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, आणि त्याने सांगितलेल्या अर्धवट खुणेवर कप्तानाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात कामोर्ताजवळ सांभाळण्यासारखं एक मोठं धन होतं : विमानवाहू ‘विक्रांत’. तिच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी झालेला, त्यामुळे वेग कमी. विमान उडवायचं तर विक्रांतला वाऱ्याच्या तोंडाला सरळ रेषेत धावावं लागे. पाणबुडीला नेम धरायला याहून सोयीची वेळ नाही. अशा वेळी भोवतालची लहान जहाजं कडं करून पाण्याखालचा कानोसा घेत. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली खरी, पण त्याची खात्री पटायला काही दिवस गेले. तोवर धोका आहे असंच धरून चालणं भाग होतं. ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्सबझार आणि चितगाववर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची समुद्राची वाट बंद झाली. तिथल्या फौजेला ना कुमक येऊ शकली, ना पळवाट उरली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पाण्यातले सुरुंग आणि पाणबुडीचं भय असलेल्या त्या पट्ट्यात जहाज घेऊन राहिल्याबद्दल कॅप्टन आवटींना वीरचक्र मिळालं.

पण १९७१ चं युद्ध समुद्रावर जेवढं झालं, तेवढंच ते घराघरांतही झालं. हे नौदलाच्या इतिहासात कमी लिहिलं गेलं आहे.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगर आहे. त्या डिसेंबरात तिथल्या खिडक्यांना काळे कागद होते. नवरा, मुलगा, बाप कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण जहाज कुठे आहे हे घरी सांगता येत नाही. युद्ध नसतानाही सांगता येत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवसमोर ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या रात्रीनंतर एका वसाहतीतल्या किती दारांवर एकाच वेळी तीच बातमी पोहोचली असेल, याचा विचार करून पाहा. सैन्यात माणूस लढाईत एकेकटा पडतो. जहाज बुडतं तेव्हा मात्र एक अख्खी वस्ती पोरकी होते. शेजारीण शेजारणीचं सांत्वन करायला जाते तेव्हा दोघींच्या घरात सुतक असतं.

शांततेच्या काळातही नौदलातल्या संसाराची रीत वेगळी. जहाज सेलिंगला गेलं की बँक, गॅस, शाळेचा दाखला, सासऱ्यांचं दुखणं, सगळं बाईच्या शिरावर. बदली झाली की मुंबईतून कोची, कोचीतून विशाखापट्टणम. मूल चौथीत मल्याळम ऐकतं, सातवीत तेलुगू. बाप परततो तेव्हा घरातले निर्णय आधीच झालेले असतात आणि त्याला पुन्हा त्या घरात आपली जागा शोधावी लागते. पत्रं जहाजाच्या मागून बंदराबंदरांत फिरायची, आणि तीन पत्रं एकदम हातात पडली की आधी कोणतं लिहिलंय हे तारखा पाहून लावावं लागायचं. आज उपग्रहाचा फोन आहे, तरी पाणबुडीवर गेलेल्या माणसाचा आवाज आठवडेच्या आठवडे ऐकू येत नाही. सभागृहात नौदलातली कुटुंबं असतील तर त्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांना सांगायला हवं.

युद्धानंतर आवटी वरच्या जबाबदाऱ्यांवर गेले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते. शेवटी पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख, म्हणजे मुंबईतल्या सगळ्या लढाऊ ताफ्याचे सर्वोच्च अधिकारी झाले. १९७८ मध्ये, नोकरीत असतानाच, त्यांनी ‘मेरीटाइम हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. भारताचा समुद्रावरचा इतिहास भारतीयांनी शोधावा आणि लिहावा, हा तिचा हेतू. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या नदीचं नाव घेतलेली ‘गोदावरी’ ही युद्धनौका नौदलात आली. तिचा आराखडा भारतीय नौदलाचा आणि बांधणी माझगाव डॉकची. ज्या पिढीने ब्रिटिशांची जुनी जहाजं चालवली, तिच्या निरोपाच्या वर्षी देशी जहाज नौदलात आलं.

मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला माणूस साधारणपणे मोठ्या शहरातच राहतो. आवटी विंचुर्णीला गेले. फलटणचा तो भाग पर्जन्यछायेतला, समुद्र सह्याद्रीपलीकडे. वन्यजीव हा त्यांचा जुना ध्यास होता. वाघ-सिंहांच्या भवितव्याविषयी त्यांनी लिहिलं, निसर्गरक्षणाच्या कामात ते राहिले. पण समुद्राचा एक विचार त्यांनी सोडला नाही. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी.

तोवर भारतीयांनी शिडाने जगाला वळसा घातलाच नव्हता असं नाही. लष्कराच्या इंजिनिअर दलाची ‘तृष्णा’ १९८५ ते १९८७ मध्ये फिरून आली होती. नौदलाचं प्रशिक्षण जहाज ‘तरंगिणी’ २००३-०४ मध्ये गेलं होतं. पण तिथे सोबत होती. एकट्याने जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. या प्रवासाचे नियमही सोपे नाहीत. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सगळी रेखावृत्तं ओलांडायची. किमान २१,६०० सागरी मैल, म्हणजे पृथ्वीच्या परिघाइतकं, साधारण ४०,००० किलोमीटर अंतर कापायचं. ऑस्ट्रेलियाचं लीऊविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप, ही तिन्ही टोकं वळसा घालून पार करायची. सुएझ किंवा पनामाच्या कालव्याने जायचं नाही. दक्षिण महासागरात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा दोन-तीन मजली इमारतींएवढ्या उठतात. आणि माणूस एकटा असल्याने झोप सलग मिळत नाही. तासाभराने उठायचं, क्षितिज न्याहाळायचं, शीड पाहायचं, पुन्हा पडायचं. महिनोन्महिने.

जगात हे न थांबता पहिल्यांदा केलं ते ब्रिटनच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये. त्यांची ‘सुहेली’ ही होडी मुंबईत बांधलेली होती, आपल्या सुतारांनी, सागवानात. म्हणजे या विक्रमाची होडी आपल्याकडून गेली, पण आपला माणूस गेला नाही. वाटेत सुहेलीचा रेडिओ बिघडला आणि काही महिने जगाला तिची खबर नव्हती. घरच्यांनी काय दिवस काढले असतील!

आवटींनी हा विचार नौदलापुढे मांडला, लावून धरला. २००६ मध्ये नौदलाने होकार दिला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. स्वतः जाण्याचा प्रश्नच नव्हता. जाणारा हवा होता. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते नौदलातले पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारे. महासागरात एकट्याने शीड चालवण्याचा अनुभव त्यांना नव्हता. होडी बांधायला गोव्यातले रत्नाकर दांडेकर मिळाले. मांडवीतल्या दिवाडी बेटावर त्यांचं यार्ड. असली महासागरी शिडाची होडी त्यांनीही आधी बांधलेली नव्हती. बाहेरून तयार होडी विकत आणणं सोपं झालं असतं. पण होडी इथेच बांधायची ही आवटींची अट होती, आणि ती पाळली गेली.

आराखडा हॉलंडचा, छप्पन्न फुटांचा. लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून सांगाडा करायचा आणि आत-बाहेर काचतंतूंचं कवच चढवायचं, अशी बांधणी. दोंदे स्वतः यार्डात हजर राहिले. हा निव्वळ हौसेचा भाग नव्हता. दक्षिण महासागरात एखादा भाग तुटला तर दुरुस्तीला येणारं कोणी नाही. कोणता नट कुठे आहे, कोणती वायर कुठून गेली आहे, हे ज्याने बांधताना पाहिलं त्यालाच अंधारात हात घालून सापडतं. होडीला नाव दिलं ‘म्हादेई’, मांडवीचंच मूळ नाव. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चार ठिकाणी थांबून १९ मे २०१० ला परतले. बरोबर नऊ महिने. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

इथे गोष्ट संपली असती तर आवटींचं एक स्वप्न पुरं झालं, एवढंच म्हणता आलं असतं. खरी कहाणी इथून पुढची आहे.

दोंदेंच्या तयारीत मदतीला असलेले लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी म्हादेई घेऊन १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परतले. टॉमींचे वडीलही नौदलातले. मग दांडेकरांच्याच यार्डात म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ बांधली गेली आणि सहा महिला अधिकारी तिच्यावर चढल्या : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापती, विजया देवी आणि पायल गुप्ता. त्यांना शिकवायला दोंदे होते. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. हे आवटींनी पाहिलं, वयाच्या नव्वदीत.

त्याच वर्षी टॉमी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सुहेलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरिया’, आणि १९६८ सालचीच साधनं, म्हणजे आधुनिक दिशादर्शक यंत्रांशिवाय. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींचा पाठीचा कणा दुखावला. त्यांना उठता येईना. भारतीय आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी शोध घेतला, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. सहा आठवड्यांच्या आत आवटी गेले. टॉमी पुन्हा उभे राहिले, हे पाहायला ते नव्हते. २०२२ मध्ये टॉमी त्याच शर्यतीला परत गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तारिणीवरून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात पुन्हा प्रदक्षिणा केली.

ही साखळी नीट पाहा. आवटींनी दोंदेंना उभं केलं, दोंदेंनी टॉमींना आणि मग त्या सहा जणींना, टॉमींनी दिलना आणि रूपा यांना. यात एकालाही आवटी हुकूम देऊ शकत नव्हते. निवृत्त ॲडमिरलला नौदलात मान असतो, अधिकार नसतो. त्यांनी पटवून सांगितलं, पाठपुरावा केला आणि जाणाऱ्याच्या पाठीशी राहिले. घरातला जाणता माणूस जे करतो तेच. कुटुंबवत्सल माणसाची ओळख आपण त्याच्या चार भिंतींतून करतो. आवटींचं घर मांडवीच्या यार्डापासून हॉर्नच्या टोकापर्यंत पसरलेलं होतं, असं म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

आता नाशिककडे वळतो. इथे देवळालीला तोफखान्याचं विद्यालय, नाशिकरोडला तोफखाना केंद्र, गांधीनगरला लष्करी हवाई दलाचं प्रशिक्षण, ओझरला विमानांचा कारखाना, आणि डॉ. मुंजे यांची १९३७ पासूनची भोसला मिलिटरी स्कूल. सैनिकी परंपरेची कमतरता नाही. २०२३ पासून मुलींना सैन्यदलांसाठी तयार करणारी राज्य शासनाची संस्थाही इथे सुरू झाली आहे. पण नौदल आपल्या बोलण्यात क्वचित येतं. सिन्नर, निफाड, येवल्याचा मुलगा ओडिशातल्या चिल्का इथे प्रशिक्षणाला जातो, लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त इंजिनाचं काम शिकतो, जहाजावर दहा-पंधरा वर्षं काढतो. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन घेऊन तो परततो तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आसपास असतं. निम्मं आयुष्य पुढे आहे. बहुतेक अग्निवीर तर चार वर्षांनी, पंचविशीच्या आतबाहेरच घरी येतील.

या माणसाचं आपण काय करतो? बहुतेकदा सुरक्षारक्षकाची नोकरी. जो माणूस गॅस टर्बाइन उघडून पुन्हा जोडतो, जो सोनारवर रात्र काढतो, ज्याला आगीच्या वेळी धुरात डोळे मिटून पायऱ्या मोजत चालता येतं, त्याला आपण फाटकावर उभं करतो. त्यात त्या कामाचा कमीपणा नाही, पण त्या कौशल्याची नासाडी आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांना ही माणसं हवी आहेत. आयटीआयना असे शिक्षक हवे आहेत. गोदावरीला पूर येतो तेव्हा बचावपथकांना पाण्याला न भिणारी माणसं लागतात, आणि ती याच शहरात राहत असतात. सिंहस्थाच्या वेळी लाखो लोक एकाच घाटावर उतरतात. त्या नियोजनात माजी नौसैनिकांचं मत घेतलं तर काही बिघडणार नाही.

आवटींना वरच्या हुद्द्याचा आधार होता, हे खरं. मुंबई-दिल्लीत त्यांचा शब्द ऐकला जाई. पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्याला तशी दारं उघडत नाहीत. म्हणून ती उघडण्याचं काम आपलं आहे.

दुसरं काम लिहून ठेवण्याचं. मेरीटाइम हिस्टरी सोसायटी काढताना आवटींना जी तळमळ होती, ती जिल्ह्याच्या पातळीवरही लागू पडते. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला नौसैनिक आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. तो कोणत्या जहाजावर होता, त्या डिसेंबरात त्याने काय पाहिलं, त्याच्या बायकोने कुलाब्यात ते दिवस कसे काढले, हे अजून विचारता येतं. बायकांच्या आठवणी तर जवळजवळ कुठेच नोंदलेल्या नाहीत. फोनवर आवाज मुद्रित करता येतो, त्याला खर्च नाही. सार्वजनिक वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने घरं शोधावीत, आधी वयाने मोठी माणसं गाठावीत आणि प्रत्येक घरात नवरा-बायको दोघांशी वेगवेगळं बोलावं. या व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षीच्या एका सत्रात व्याख्याता न बोलावता त्यांतले चार आवाज इथे ऐकवावेत, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.